दादाच्या मापाचा कॅमशाफ्ट

समजा, तुमच्यासमोर एका जुन्या ट्रकचं इंजिन आहे. सहा सिलिंडर, एका रांगेत. इंजिनाचं वय तुमच्यापेक्षा जास्त. त्याचा कॅमशाफ्ट झिजलाय आणि नवीन तुम्हाला निवडायचाय. मूळ बनावटीचा आता कुठेच मिळत नाही. दुसऱ्या शहरातला एक कारखाना अशा जुन्या इंजिनांसाठी जास्त ताकदीचे कॅमशाफ्ट घासून देतो, आणि त्याने तीन प्रकारांची यादी पाठवलीय. पहिला, दुसरा, तिसरा. प्रत्येकापुढे आकडे. तुम्ही कुठला घ्याल?

घाई करू नका. कॅमशाफ्ट म्हणजे काय ते आधी सांगते. दीड हात लांबीचा लोखंडी दांडा, त्यावर बारा उंचवटे. दांडा फिरला की एकेक उंचवटा एकेक व्हॉल्व्ह उचलतो, म्हणजे एकेक दार उघडतो. सहा दारं हवा आणि पेट्रोल आत घ्यायला, सहा धूर बाहेर सोडायला. उंचवटा उंच असेल तर दार जास्त उघडतं. रुंद असेल तर जास्त वेळ उघडं राहतं. बस्स, एवढंच. इंजिनाने श्वास कसा घ्यायचा ते हा दांडा ठरवतो. आणि एकदा बसवल्यावर मत बदललं, तर रेडिएटरपासून सगळं पुन्हा उतरवायचं.

यादीतला पहिला मूळच्यापेक्षा किंचित उंच, रुंदीला जवळजवळ तेवढाच. दुसरा मधला. तिसरा चांगलाच उंच आणि चांगलाच रुंद, आणि त्याच्यापुढे ठळक अक्षरांत लिहिलेलं: ताकद पस्तीस टक्के जास्त.

तुम्ही तिसरा घेतला असता. मीही तिसराच घेतला होता. यांत्रिकीची पदवी हातात येऊन चार महिने झाले होते, आणि तिन्ही कॅमशाफ्टचे आलेख काढून, रंग भरून, मी ते कागद आत्याच्या टेबलावर पसरले होते.

आत्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. बराच वेळ बघितलं. मग बोट ठेवलं ते आलेखाच्या शिखरावर नाही, डाव्या कोपऱ्यात.

"हे कुठून सुरू होतं?"

"मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांपासून. त्याखालचे आकडे त्यांनी दिलेच नाहीत."

"आणि दादा चढावर असतो तेव्हा इंजिन किती फिरतं?"

मला माहीत नव्हतं. "बाराशे, पंधराशे असेल."

"म्हणजे दादा जिथं राहतो तिथं तुझ्या कागदावर वस्तीच नाही." तिने कागद नीट घडी घालून मला परत दिले. "रंग छान भरलेस हं."

दादा म्हणजे माझे बाबा. आत्या त्यांची धाकटी बहीण. आमच्या घराच्या मागच्या गल्लीत पत्र्याची एक लांब शेड आहे, तिथे ती इंजिनं दुरुस्त करते. गल्लीत तिला सगळे मोजपट्टी म्हणतात. तोंडावर "मोजपट्टीबाई", एवढाच फरक. तिला त्याचं काही वाटत नाही.

मुळात ती शिवणकाम करायची. वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत तिने लोकांचे कोट आणि झगे शिवले. बाबा तेव्हा याच शेडमध्ये एका उस्तादांच्या हाताखाली होते आणि ती त्यांचा जेवणाचा डबा घेऊन यायची. एक दिवस उस्ताद व्हॉल्व्हची अंतरं लावत होते. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते; ती फट पातळ पत्र्याच्या पट्टीने तपासतात. उस्तादांची पट्टी सरकली की ते म्हणायचे, झालं. आत्या डबा धरून बघत उभी होती. म्हणाली, "त्या तिसऱ्यात पट्टी खेळतेय. आणि शेवटच्यात काचतेय." उस्ताद हसले. मग त्यांनी नवी पट्टी आणून तपासलं आणि हसायचे थांबले. "उद्यापासून डबा देऊन जायचं नाही," ते म्हणाले, "थांबायचं."

ती थांबली ती आजपर्यंत. बाबांना एका जागी बसून काम करणं जमेना, ते ट्रकवर गेले. उस्ताद थकून घरी बसले तेव्हा शेडची किल्ली त्यांनी आत्याच्या हातात दिली. लग्न तिने केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणते, "माप जमलं नाही."

शिवणकाम सुटलं, पण भाषा सुटली नाही. तिच्या शेडमध्ये पिस्टन सिलिंडरमध्ये ढगळ होतो, बेअरिंग तंग होतं, गॅस्केट उसवतं. नव्याने आलेल्या गिऱ्हाईकाला वाटतं बाई चुकून इथे आली. मग ती त्याच्या इंजिनाच्या झाकणावर तळहात ठेवते, थोडा वेळ तसाच ठेवते, आणि सांगते, "चौथ्याची शिलाई गेलीय." उघडल्यावर चौथ्याचीच गेलेली असते.

बाबांच्या ट्रकचा कॅमशाफ्ट झिजलाय हेही तिनेच पकडलं. सातव्या व्हॉल्व्हचं अंतर ती नीट लावायची, पंधरा दिवसांनी ते पुन्हा सैल. पुन्हा लावायची, पुन्हा सैल. तिसऱ्यांदा तिने मापकाचा काटा लावून दांडा हाताने फिरवला. बाकीचे उंचवटे सात मिलिमीटर उचलत होते, हा साडेपाच.

"किती दिवस चालेल?" बाबांनी विचारलं.

"चालेल महिनाभर. रडत चालेल."

बाबांच्या बाबतीत मात्र वेगळाच प्रश्न आधीपासून उभा होता. त्यांचा डावा गुडघा गेला होता. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितलं होतं की आतली गादी संपत आलीय. क्लच सोडा, म्हणजे गाडी सोडा. बाबांनी मान हलवली, घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विटा भरायला गेले.

बाबा भट्टीवरच्या विटा टेकडीवरच्या वस्तीत नेतात. अकरा किलोमीटरचा चढ, बावीस वळणं. दिवसाला दोन फेऱ्या. गाडी जुनी, गिअरबॉक्स त्याहून जुन्या वळणाचा. एक गिअर बदलायचा तर क्लच दोनदा दाबावा लागतो. घरात बाबा फारसं बोलत नाहीत. खुर्चीत पाहुण्यासारखे बसतात, कोणी चहा दिला तर थँक्यू म्हणतात. ट्रकमध्ये बसले की तेच बाबा गातात, समोरच्या बकरीशी भांडतात, वळणांना नावं ठेवतात. सहाव्या वळणाचं नाव सासूबाई. माझ्या आईला हे माहीत आहे आणि ती ते मनावर घेत नाही. पण गुडघ्याचं तिने मनावर घेतलं होतं. "या महिन्यात ट्रक विकायचा," ती म्हणाली होती, आणि बाबा "बघू" म्हणाले होते. त्यांचा "बघू" म्हणजे नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं; पण या वेळी तो खरंच "बघू" होता, आणि म्हणून आम्ही सगळे घाबरलो होतो.

आत्या या विषयावर काहीच बोलली नव्हती. कॅमशाफ्टची यादी आली त्या दिवशी ती फक्त एवढंच म्हणाली, "उद्या मी दादाबरोबर जाणार आहे. तू तुझं ते फेरे मोजायचं यंत्र घेऊन चल."

सकाळी आम्ही तिघं केबिनमध्ये बसलो. मागे विटा. आत्याच्या दोन्ही मनगटांवर टाचण्यांच्या उशा बांधलेल्या, शिंप्यांच्या असतात तशा. डाव्या उशीत टाचण्या गच्च भरलेल्या, उजवी रिकामी.

"काय गं छोटे," बाबा म्हणाले, "रस्त्यात कोणाचा ब्लाउज शिवायचा ठरलाय?"

"तू पुढे बघ."

"नाही, म्हणजे माझी विजार पण उसवलीय थोडी—"

"दादा, पुढे बघ!"

चढ सुरू झाला. बाबांनी क्लच दाबला की आत्या एक टाचणी डावीकडून काढून उजवीकडे टोचायची. मी माझ्या यंत्रावरचे आकडे वहीत लिहीत होते. पहिल्या दोन वळणांनंतर बाबांना कळलं ती काय मोजतेय, आणि त्यांचं गाणं थांबलं. सासूबाईंच्या वळणावर इंजिन सोळाशेच्या खाली आलं, धापा टाकायला लागलं, बाबांनी क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला, गिअर खाली घेतला. वळण संपल्यावर तसंच पुन्हा, वर. चार टाचण्या. त्यांचा डावा हात तेवढ्या वेळात एकदा मांडीवर जाऊन आला. आत्याने तो हात बघितला. मीही बघितला. बाबांनी खिडकीबाहेर बघितलं.

वर पोचलो तेव्हा उजव्या उशीत चौऱ्याहत्तर टाचण्या होत्या.

विटा उतरवेपर्यंत आत्या दगडावर बसून माझी वही वाचत होती. "हे बघ," ती म्हणाली. "आठ वळणं अशी आहेत की तिथं खालचा गिअर लागतो तो चढामुळे नाही. इंजिन सोळाशेच्या खाली जीव सोडतं म्हणून. ते जर अकराशेपर्यंत नेटानं ओढत राहिलं, तर दादा तिसऱ्या गिअरमध्येच वळेल."

"आठ वळणं, प्रत्येकी चार," मी म्हटलं. "बत्तीस वेळा क्लच वाचेल."

"मग? तुझा तिसऱ्या नंबरचा कॅमशाफ्ट काय करेल?"

मी खरं ते सांगितलं. दार जास्त वेळ उघडं राहिलं की वेगात इंजिन भरभरून श्वास घेतं, पण सावकाश फिरताना आत आलेली हवाच परत बाहेर पडते. तिसरा लावला तर दोन हजारांच्या खाली आताच्यापेक्षाही वाईट. पस्तीस टक्के ताकद येईल, पण ती येईल तेव्हा बाबांचा ट्रक रस्त्यावर नसेल, हवेत असेल.

"लग्नातला कोट घालून विटा उतरवायच्या," आत्या म्हणाली. "नको. पहिला घेऊ."

हे इतकं सोपं नव्हतं. अडचण सुटे भाग आणून देणाऱ्या पार्टवाल्याची नव्हती. यादी त्यानेच आणली होती, आणि तो दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "मोजपट्टीबाई, पहिला? ताई, अहो, तो तर आजारी माणसाच्या पथ्याचा कॅमशाफ्ट! तिसरा लावा. स्लोवर उभी केली तरी अशी गुरगुरेल, अख्खी गल्ली वळून बघेल."

"गल्लीला काम नाही का?" आत्याने विचारलं.

अडचण बाबांची होती. ते तिथेच स्टुलावर बसले होते, पाय लांब करून. हळूच म्हणाले, "मलाही तिसराच हवाय."

आत्याने हातातला पाना खाली ठेवला.

"तीस वर्षं विटा वाहिल्या," बाबा म्हणाले. ते हसत होते, पण पूर्ण नाही. "या गाडीला कोणी कधी वळून बघितलं नाही. आता तशीही किती दिवसांची आहे? एक महिना, दोन महिने. जाता जाता एकदा गुरगुरू दे की."

पार्टवाल्याला कळलं की आता आपण इथे नको. "मी उद्या येतो," म्हणत तो गेला. शेडमध्ये आम्ही तिघं राहिलो. आत्याने एक फडकं घेतलं आणि आधीच पुसलेले पाने पुन्हा पुसायला लागली. ती बाबांना कधी नाही म्हणत नाही. लहानपणी त्यांनी सायकल शिकवताना तिला दोनदा नाल्यात पाडलं होतं, आणि दोन्ही वेळा घरी तिने सांगितलं की मीच उडी मारली.

"तुला गाडी सोडायचीय का?" तिने विचारलं.

"सोडावी लागणारच ना."

"ते नाही विचारलं मी. सोडायचीय का?"

बाबांनी लांब केलेला डावा पाय हाताने जवळ घेतला. मग म्हणाले, "नाही गं."

"मग पहिला."

"माझी गाडी, माझा पाय, आणि ठरवणार तू?"

"पाय तुझा आहे रे. पण त्याच्यावर इंजिन माझं बसलंय." तिने फडकं टेबलावर टाकलं. "रुसायचं असेल तर रूस. चहा झाला की रूस."

बाबा चहा पिऊन रुसले. दोन दिवस शेडकडे फिरकले नाहीत.

आत्याने कारखान्याला फोन केला. पहिल्या नंबरचा, पण बसवताना तो चार अंश आधी उघडेल अशी खाच कापून हवा. दार थोडं आधी उघडलं आणि थोडं आधी बंद झालं की सावकाश फिरतानाची ओढ आणखी वाढते. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. मी पुस्तकात बघितलं, बरोबर होतं. "बाहीचा जोड जरा पुढे घेतला की हात उचलायला सोपा जातो," तिने फोनवर त्या माणसाला सांगितलं. पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण कॅमशाफ्ट आला तो हवा तसाच.

तो यायची वाट बघत असताना एक दुपारी मी शेडमध्ये गेले, तर ती ट्रकच्या केबिनमध्ये खाली वाकून काहीतरी करत होती. क्लचच्या पेडलला तिने वजनाचा ताणकाटा अडकवला होता आणि ओढून बघत होती. काटा एकवीस किलोवर गेला तेव्हा पेडल खाली गेलं.

"एकवीस," ती म्हणाली. मग तिची जुनी वही उघडून मला एक ओळ दाखवली. आठ वर्षांपूर्वीची तारीख, आणि तिच्या नीटस अक्षरात: पेडल, तेरा किलो.

तेव्हा तिने सांगितलं. आठ वर्षांपूर्वी भरल्या गाडीत क्लच घसरायला लागला होता. तिने शोधून शोधून जास्त जोराच्या स्प्रिंगची प्लेट आणली आणि स्वतःच्या हातांनी बसवली. बाबांनी पहिली फेरी करून आल्यावर शेडच्या दारातूनच ओरडून सांगितलं होतं, "छोटे, काय क्लच केलास! दगड! आता नाही घसरायचा." ते तिने चार लोकांना सांगितलं होतं. मागच्या महिन्यात डॉक्टरांचं कळल्यावर तिने गुपचूप जुन्या जोराची प्लेट पुन्हा लावून बघितली. पाचव्या वळणावर ती घसरली, जळका वास सुटला, आणि तिला दगडच परत लावावा लागला.

माझी जीभ म्हणजे. नवीन शिकलेल्या माणसाला आकडा दिसला की गप्प बसवत नाही. मी म्हटलं, "फरक आठ किलोचा. फेरीला चौऱ्याहत्तर, दोन फेऱ्या. म्हणजे दिवसाला अकराशे चौऱ्याऐंशी किलो जास्त."

आत्याने ताणकाटा सोडवला. हुकाचं टोक फडक्याने पुसलं. "हो," ती म्हणाली, "मीही तेवढाच काढलाय." आणि मला त्या केबिनमधून कुठेतरी निघून जावंसं वाटलं. मी गेले नाही. तिच्याशेजारी सीटवर बसून राहिले. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "गिअरबॉक्सचं तेल बघितलंस का गं?" आणि आम्ही खाली उतरलो.

कॅमशाफ्ट आला त्या सकाळी बाबा बोलावल्याशिवाय आले. रेडिएटर आणि पुढची जाळी काढून झाली होती. आत्याने बाराही उंचवट्यांना दाट वंगण चोपडलं. नव्या कॅमशाफ्टला जुने टॅपेट, म्हणजे उंचवट्यांवर टेकणारे ठोकळे, चालत नाहीत, म्हणून बारा नवे टॅपेट फडक्यावर ओळीने मांडलेले. मग दांडा दोन्ही हातांत धरून तिने इंजिनाच्या पुढच्या भोकातून आत सोडायला सुरुवात केली. आतमध्ये चार बेअरिंगं. कुठेही घासला तर बेअरिंगवर ओरखडा. दिसत काही नाही, सगळं हातालाच कळायचं. ती थांबायची, किंचित फिरवायची, पुढे ढकलायची. सुईत दोरा ओवताना माणूस श्वास धरतो तसा आम्ही तिघांनी धरला होता. दांडा शेवटच्या बेअरिंगमध्ये बसला तेव्हा काहीसुद्धा आवाज झाला नाही.

"ओवला," ती म्हणाली.

दोन दिवसांनी, सगळं जोडून झाल्यावर, इंजिन चालू करायची वेळ आली. नवा कॅमशाफ्ट पहिली वीस मिनिटं स्लोवर चालवायचा नसतो. दोन हजारांवर धरून ठेवायचं, म्हणजे उंचवटे आणि टॅपेट एकमेकांना नीट रुळतात. बाबा सीटवर बसले, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर. आत्या झाकणावर तळहात ठेवून उभी. मी घड्याळ धरून. वीस मिनिटं कोणी बोललं नाही, बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं. नंतर बाबांनी हळूहळू पाय उचलला आणि इंजिन स्लोवर आलं. एकसारखं. गुरगुर अजिबात नाही.

बाबांनी कान दिला. तोंड वाकडं केलं. "शिलाई मशीन वाटतेय."

आत्याला हसू आवरलं नाही. "मग? कोणी केलंय?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिघं, पुन्हा विटा, तेवढ्याच. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. मी यंत्राकडे बघत होते. सासूबाई आल्या. इंजिन सोळाशेवर आलं, पंधराशे, तेराशे. बाबांचा पाय सवयीने क्लचवर गेला, हात गिअरच्या दांड्यावर. आवाज जड झाला, खोल झाला, पण धाप लागली नाही. बाराशे. बाबांनी पाय उचलून बाजूला ठेवला. मग हात परत स्टिअरिंगवर आणला, जरा लाजल्यासारखा. अकराशे पन्नासवर वळण संपलं आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्येच पुढे निघाली.

"ओढतेय गं," बाबा म्हणाले. अगदी हळू. "छोटे, ओढतेय."

आत्याने हातातली टाचणी डाव्या उशीतच ठेवली आणि समोरच्या काचेतून बघत राहिली. नवव्या वळणाच्या पुढे बाबा गायला लागले, आणि एका बकरीला त्यांनी जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही.

वर पोचलो तेव्हा बेचाळीस टाचण्या. मी उड्या मारल्या. आत्याने मला खाली बसवलं. "यातलं थोडं झिजलेला जाऊन नवा आला म्हणून आहे. सगळं आपलं शहाणपण नाही." बरोबर होतं. तरी तिने त्या बेचाळीस टाचण्या पुन्हा एकदा मोजल्या.

डॉक्टरांनी ऐकून डोळे वटारले. मग बाबांचा पाय वाकवून, सरळ करून, दिवसाला एकच फेरी, आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं, एवढ्यावर ते आले. आईने ट्रक विकायचा विषय बंद केला नाही, पण पुढे ढकलला. बाबा सकाळी जातात, दुपारी घरी येतात, आणि परवा त्यांनी जेवताना आपणहून एक गोष्ट सांगितली. सगळे इतके दचकले की शेवट कोणी ऐकलाच नाही.

सगळं ठीक झालं असं मी म्हणणार होते. पण आत्याचं ठीक झालेलं नाही.

तिला बाबांकडून एक गोष्ट हवी आहे. ती त्यांना विचारते, कधी पाना देताना, कधी चहा ओतताना, सहज विचारल्यासारखं: "दादा, पाय दुखायला कधी लागला रे? मी ती प्लेट बसवली त्याच्या आधी, का नंतर?"

पहिल्यांदा बाबा म्हणाले, "कुठली प्लेट?"

दुसऱ्यांदा म्हणाले, "तुला सायकल शिकवली ना, तेव्हापासून."

तिसऱ्यांदा तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच म्हणाले, "आधीपासून. कधीच्या आधीपासून!" आणि उठून बाहेर गेले.

"ऐकलंस?" ते गेल्यावर आत्या मला म्हणाली. "गिऱ्हाईक कोट अंगात घालायच्या आधीच छान बसलाय म्हणालं, की समजावं काखेत काचतोय."

"अगं, पण खरंही असेल ना."

"असेल. तेच तर कळायला हवंय."

काल आम्ही दोघी एका दुसऱ्याच इंजिनाची अंतरं लावत होतो. ती पट्टी सरकवत होती, मी दांडा फिरवत होते. मध्येच ती थांबली.

"मी ती प्लेट बसवली तेव्हा तू आठवीत होतीस," ती म्हणाली. "दादा संध्याकाळी घरी आला की डावा पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून बसायचा. गरम पाण्याची पिशवी घेऊन. आठवतं तुला?"

मला आठवत होतं. ती पिशवी हिरवी होती, तिचं बूच गळायचं, आणि ती भरून द्यायचं काम माझं होतं. ती खुर्ची आठवत होती. बाबांचा मोजा आठवत होता. पण ते कुठलं वर्ष, मी तेव्हा आठवीत होते की सातवीत, की सहावीतच, हे किती आठवलं तरी हाताला लागेना. सुचेल ते सांगून टाकावं, असं क्षणभर वाटलं. बाबांनी तेच केलं होतं.

"आठवतं," मी म्हटलं. "पण कधीचं ते नाही आठवत गं."

आत्याने पट्टी फटीतून बाहेर काढली. ती हातातच धरून माझ्याकडे वळली.

"नीट आठव ना," ती म्हणाली. "आधी बसायचा, का नंतर?"